अण्णांचं माप

कुणाच्या दारात भांडण पेटलं की शहाणी माणसं आपलं दार लावून घेतात. आमचे शेजारी सखाहरी अण्णा मात्र टोपी चढवून निघायचे, आणि भांडण चांगलं रंगलं तर चक्क गूळ वाटायचे!

अण्णांचं गाव धरणात गेलं होतं. अर्ध्या गावाला आमच्या माळावर प्लॉट मिळाले, अर्ध्याला लांब शेवगावकडं. मी माळावरच्या शाळेत मास्तर. माझ्या अंगणाला अण्णांचं अंगण लागून.

एकदा तालुक्याहून साहेब फॉर्म घेऊन आले. 'पुनर्वसनानंतर सुखी आहात का? होय की नाही?' सगळे 'होय' म्हणाले. साहेब चहा पिऊन गेले. अण्णा भडकले.

"सायबापुढं न्हाई कोन म्हनंल, गुरुजी? सुख असं मोजत्यात व्हय?"

झालं, तेव्हापासून अण्णांची मोजणी सुरू. रोज सकाळी घरोघर तीन प्रश्न. "झोप लागती का? भाकर ग्वाड लागती का? भांडलास का कुनाशी?" मग माप द्यायचे, तेही धान्याचं. "कोंडीबाचं चिपटंभरच हाय. म्हादूचं शेरभर झालं, काल शेजाऱ्यावर खेकासला." सगळी मदार तिसऱ्या प्रश्नावर. "परक्याशी कोन भांडतं? भांडला म्हंजी रुजला!"

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीवरच्या नंबरावरून सरूबाई आणि गंगूबाईंची जुंपली. दोघींनी एकमेकींचं माहेरसुद्धा सोडलं नाही. अण्णा कडेला उभे राहून डोळे पुसत होते. "पायली भरली! गाव लागलं बगा, गुरुजी!" त्या दिवसांत गूळ कुठून पैदा केला, देव जाणे.

गूळ चघळत मी सहज विचारलं, "आणि अण्णा, तुमचं माप?"

त्यांनी उरलेला गूळ पुडीत बांधला. मग म्हणाले, "माझा दगडू तिकडं शेवगावला गेला."

दगडू म्हणजे त्यांच्या बांधाला बांध असलेला शेतकरी. वीतभर जागेवरून दोघं तीस वर्षं भांडले. रोज.

"बांध पान्यात गेला. आन माझं भांडान सरकारनं दुसऱ्या गावाला दिलं."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, एवढं तरी आपण करूच की! दुसऱ्या दिवशी सकाळी मी हद्दीचा दगड हातभर त्यांच्या अंगणात सरकवला आणि दोन शिव्या घोकत ओट्यावर बसलो.

अण्णा बाहेर आले. दगड बघितला. माझ्याकडं बघितलं.

मी बाह्या सरसावून ओरडलो, "काय बघताय? माझीच जागा आहे ही!"

त्यांच्या कपाळाची शीर टरारली. तोंड उघडलं. शिवी काही आली नाही. खाली बसून त्यांनी दगडावरची माती हातानं पुसली.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तुमी लई चांगलं मानूस हाय. पर दगडू न्हाई तुमी."

ते आत गेले. दगड त्यांनी हलवला नाही. संध्याकाळी मलाच तो मुकाट्यानं मागं सरकवावा लागला.