रंगुबाईंची शोकसभा

“राहुरीत एक जरी रुमाल कोरडा राहिला, तर मिशी उतरवीन!” गहिनीनाथनं छातीठोक सांगितलं होतं. बढाई पोकळ नव्हती. पाथर्डीच्या या कवीचा ‘माझं जगणं, माझी कविता’ हा कार्यक्रम जिल्हाभर गाजत होता. आधी ऊसतोडीच्या आठवणी, शेवटी ‘आई’ ही कविता. त्या कवितेत आई फडातच प्राण सोडते. तिथं भलेभले हुंदके द्यायचे!

खरी आई, रंगुबाई, घरी ठणठणीत होती. पण जिवंत आईवर कोण रडतं? म्हणून गहिनीनाथनं कार्यक्रमापुरती तिला मारली होती, आणि कार्यक्रमाला तिला कधी नेलं नव्हतं.

राहुरीत छान रंग चढला. शेवटच्या कवितेसाठी गहिनीनाथनं डोळे मिटले, सूर लावला, डोळे उघडले, तर समोर तिसऱ्या रांगेत आई! शेजारी बहीण पंकजा कौतुकानं हात हलवत होती. त्याला चकित करायला दोघी जीपनं आल्या होत्या!

लेक आपल्याला मारून टाळ्या घेतो, हे आईला कळलं तर? गहिनीनाथनं घाईघाईनं कविताच बदलली.

“मंडळी, आज बाभळीवरची कविता ऐकू!”

“आई! आई!” लोक ओरडले.

“घसा बसलाय हो...”

“सर, त्या कवितेसाठीच तर तुम्हाला बोलावलंय!” संयोजक भागवत सरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

सुटका नव्हती. गहिनीनाथनं सुरुवात केली, आणि आईच्या जागी सुचेल ते जनावर घातलं.

“कोयता टेकवून म्हैस फडात निजली,
पाचटाच्या उशीवर तिची ज्योत विझली!”

सभागृह गार! म्हशीनं कोयता धरला कसा, हे कुणालाच कळेना. भागवत सर मात्र हळवे. ते माईककडे धावले. “पाहिलंत? कवीला ‘आई’ हा शब्दसुद्धा उच्चारवेना! चला, त्यांच्या दिवंगत मातोश्रींसाठी दोन मिनिटं उभे राहू.”

सगळे उठले. रंगुबाईसुद्धा उठली. डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून ती स्वतःच्याच श्रद्धांजलीला उभी राहिली! पंकजा तोंडात ओढणी कोंबून हसत होती. गहिनीनाथला ती दोन मिनिटं सरता सरेनात.

कार्यक्रम संपताच तो आईकडे धावला. “आई, तू कशाला उभी राहिलीस?”

“समदी उभी, आन् मी एकलीच बसू? लोक म्हनले असते, म्हातारीला मेलेल्या मानसाची किंमत न्हाई!”

“चुकलो गं!”

“न्हाई रं. मेल्यावर लई मान हाय. मंग मेलेलीच बरी मी.” गहिनीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन रंगुबाई बाजेवर आडवी झाली, ती झालीच. पंकजा सासरी निघून गेली. जेवायची वेळ झाली.

“आई, भाकरी?”

“मेलेलं मानूस भाकऱ्या थापतं व्हय?”

गहिनीनाथ चुलीपुढं बसला. पीठ कपाळाला, भाकरी निम्मी तव्याबाहेर, आणि धुरानं डोळ्यांतून धारा. इतका तो कुठल्याच कार्यक्रमात रडला नव्हता!

आठवडाभर हेच चाललं. मग राहात्याहून फोन आला. “सर, रविवारी या. ती आईची कविता मात्र हवीच!”

“ती आता होणार नाही,” पिठाच्या हातानं मोबाईल धरून गहिनीनाथ म्हणाला. “आमची आई जिवंत झाली!”

“आजून न्हाई!” बाजेवरून आवाज आला. “आदी च्या टाक!”