रत्नाकरराव कायम होतात

"काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही कॅज्युअल आहात," सुधींद्र फोनवर म्हणाला आणि रत्नाकररावांच्या मस्तकात तिडीक उठली.

रत्नाकरराव पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात कर्मचारी विभागाचे अधिकारी होते. त्यांच्या लेखी कॅज्युअल म्हणजे हंगामी कामगार: आज आत, उद्या फाटकाबाहेर, आणि दिवाळीच्या मिठाईत वाटा नाही. अशा कितीतरी जणांना त्यांनी स्वतःच्या सहीने कायम केलं होतं. आणि मारतहळ्ळीला राहणाऱ्या कालच्या पोराने त्यांनाच कॅज्युअल म्हणावं?

घरात नुकतंच इंटरनेट आलं होतं. टेलिफोनची तार कॉम्प्युटरला लावायची, की जगभरचे खेळगडी जमून कुठकुठले गड जिंकायचे, असा तो खेळ होता. सुधींद्र त्यांच्या टोळीचा नायक. मूळचा पुण्याचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअर.

"कायम व्हायला काय करावं लागतं?" रत्नाकररावांनी विचारलं.

"कायम? अच्छा, हार्डकोर! सिंपल आहे. एकही मोहीम चुकवायची नाही. गुरुवारी सकाळी मोठी मोहीम आहे. अमेरिकेतले लोक तेव्हा घरी असतात ना. तुमचं ऑफिस असेल, सो..."

"असू दे. मी येणार!"

त्यांनी रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, 'सासऱ्यांची प्रकृती गंभीर.' सासरे प्रतापराव त्यांच्याच घरी राहत असत. गुरुवारी सकाळी ते चटणी पुरत नाही म्हणून मुलीवर चिडले होते, यापलीकडे त्यांच्या प्रकृतीत गंभीर असं काही नव्हतं.

रत्नाकरराव अंघोळ करून, कपाळाला गंध लावून खेळायला बसले. पडद्यावर प्रश्न आला, कॅज्युअल की हार्डकोर? खाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. कामगारांना 'वाचून मगच सही करा' असं बजावणाऱ्या रत्नाकररावांनी त्यातलं अक्षरही न वाचता 'हार्डकोर'वर बोट दाबलं.

मोहीम रंगली. त्यांचा गडी तटावर चढला, दरवाजाशी पोचला, तलवार उगारली, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी प्रतिमाबाईंनी बहिणीला लोणच्याचं प्रमाण विचारायला फोन उचलला.

जोडणी तुटली.

"अगं, ठेव तो फोन! ठेव!"

फोन ठेवला गेला. रत्नाकररावांनी घाम पुसत पुन्हा जोडणी केली. तोवर उगारल्या तलवारीनिशी खांबासारखा उभा राहिलेला त्यांचा गडी शत्रूने लोळवला होता. पूर्वीही तो अनेकदा मेला होता आणि कपडे झटकून उठला होता. या वेळी उठेना. पडद्यावर अक्षरं आली: हार्डकोर गड्याला एकच जन्म असतो.

"गेला!" रत्नाकररावांनी हंबरडा फोडला. "कायमचा गेला हो! माझ्या चुकीमुळे गेला!"

डोळे पुसत ते व्हरांड्यात आले आणि जागीच थिजले. कारखान्याच्या युनियनचा कानडी बसवंत हातात हार घेऊन उभा होता. शेजारी हिशेबखात्यातल्या शकुंतलाबाई पदर डोळ्यांना लावून. दोघांच्या मधोमध आरामखुर्चीत प्रतापराव. सासरे ते हेच, हे ठाऊक नसल्याने त्यांचंच सांत्वन चाललं होतं.

झालं होतं असं. चौकशीसाठी बसवंत सकाळपासून फोन लावत होता आणि फोन सारखा एंगेज. "अक्का, नातेवाइकांना कळवायला लागलेत बहुतेक," तो शकुंतलाबाईंना म्हणाला. लगेच कारखान्याची जीप निघाली, वाटेत हार घेतला गेला.

"साहेब, स्वल्प उशीर झाला आम्हाला," बसवंत गहिवरून म्हणाला. "रस्त्यापर्यंत ऐकू आलं तुमचं रडणं. सासऱ्यासाठी एवढं कोण रडतंय हो आजकाल?"

खरं सांगावं तर नोकरीवर गदा. रत्नाकररावांनी प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापरावांनी वर्तमानपत्राची शांतपणे घडी घातली.

"थोरले बंधू होते माझे," ते म्हणाले. "फार सज्जन माणूस. घरात कधी कुणी कदर केली नाही."

"सरी, बरं अण्णा, धीर धरा," बसवंत म्हणाला. "साहेब, तीन दिवस कामावर येऊ नका. मी सांगतो वर."

जीप गेली. प्रतापरावांनी हार नाकाशी नेऊन हुंगला.

"जावईबापू, आता सांगा. आत कोण मेलं?"

रत्नाकररावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"आणि कॅज्युअल मेला तर?"

"तो पुन्हा उठतो."

"मग माझा एक कॅज्युअल गडी काढा. मला आता मरायची सवय झालीय."

दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी कॉम्प्युटरपुढून हलायचं नाव घेतलं नाही. ते मरत होते, उठत होते, चहा तिथेच मागवत होते. रत्नाकरराव मागे उभे राहून दमले. नवा गडी काढून पुन्हा कायम व्हायचा त्यांचा निश्चय होता, पण खुर्ची मिळेल तर ना! तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुकाट्याने डबा भरून घेतला.

कारखान्याच्या फाटकाशी बसवंतने कामगारांना थांबवलं आणि त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"बघा रे! घरात सुतक आहे, तरी कामावर आलेत!"