मारुतीचे भावबंद

श्रद्धा आणि विज्ञान यांचे मुळात वैर नाही. दोघांच्या मध्ये रस्त्यालगतची जमीन आली की दोन्ही एका ताटात जेवतात.

अंजूरच्या एका शाळेत (शिक्षक तीन, विश्वस्त अकरा) नीरजाबाई दहावीला विज्ञान शिकवत. उत्क्रांतीचा धडा मात्र अध्यक्ष हिरामणशेठ यांनी स्थगित ठेवला होता. माणसाचे पूर्वज माकडांच्या गोतातले म्हणणे हा मारुतीचा अपमान, असा ठराव होता. परीक्षेत पोरे हक्काचे मार्क सोडून येणार, याचा बाईंना मनापासून राग येई. त्या अर्ज करीत. अर्ज विचाराधीन होत.

अशात गोडाऊनकडे जाणारा नवा रस्ता मारुतीच्या जमिनीला घासून गेला. जमिनीला सोन्याचा भाव आला; पण मालक खुद्द देव, विक्रीखतावर सही कोण करणार? (देव बारा महिने गावात असतो, पण रजिस्ट्रेशनला येत नाही.) तोड काढली शेठच्या पुतण्याने. कुणाल भिवंडीच्या कोर्टात वकिली करतो. त्याचे म्हणणे, मारुती ब्रह्मचारी, म्हणजे पोटचा वारस नाही. मिळकत भावबंदांकडे जाते, आणि आपण त्याचे भावबंद आहोत हे विज्ञानाने सिद्धच केले आहे. माकडे अधिक जवळची ठरतात खरी, पण त्यांच्याकडे आधार कार्ड नाही.

स्थगिती त्याच दिवशी उठली. देवळात सभा भरली, पाठ्यपुस्तकाला हार घातला, नारळ फुटला आणि बाईंनी तासभर उत्क्रांती समजावली. गावाने ती हात वर करून मंजूर केली. (विरोधात एक: पुजारी. त्याची खोली त्याच जमिनीवर आहे.)

बाई हरखल्या आणि हरखून धडा शेवटपर्यंत सांगून बसल्या. मूळ पूर्वज सगळ्यांचा एकच. म्हणजे भिवंडीत कामतघरला यंत्रमाग चालवणारे, यूपी-बिहारहून आलेले कारागीरही तेवढेच भावबंद.

मग हिरामणशेठ समजुतीने म्हणाले, "बाई, उत्क्रांती खरी हाय. न्हाय कोन म्हनतो? पन ती आपल्या शिवेपर्यंत."

धडा तेवढाच शिकवायचा ठरला. हरकत असेल तर स्थगिती होतीच. बाईंनी पोरांच्या मार्कांकडे पाहून मान डोलावली, आणि डोलावल्याची त्यांना लाज वाटली.

वाचकांनी अंजूरकरांना खुशाल हसावे. आपण शिकलेले, आपली उत्क्रांती काही गावच्या शिवेवर अडत नाही. ती पोरीला स्थळ बघायला निघेपर्यंत सुरळीत चालते, आणि मग पोटजात विचारून घरी परतते.