खवलोजींच्या रणगाड्याची चौथी आवृत्ती

या कथेचे तीन पाठ सापडतात. घाटाखालच्या पाठात नायक खेकडा आहे आणि तो रणगाड्याऐवजी चिलखती गलबत चालवतो. पठारावरच्या पाठात नायक कासव असून कथा इतकी सावकाश चालते की, ती शेवटपर्यंत ऐकलेला श्रोता अद्याप भेटलेला नाही. येथे दिलेला तिसरा पाठ जंगलातला आहे. तिन्ही पाठांत एक गोष्ट समान आहे. नायकाच्या अंगावर जन्मजात चिलखत असते आणि तरीही त्याला चिलखताचाच खेळ खेळावासा वाटतो. याचे कारण अभ्यासकांना सांगता आलेले नाही. मुलांनो, तुम्हाला सुचले तर ते तूर्त स्वतःजवळच ठेवा.

तर एका जंगलात एक खवले मांजर राहत असे. त्याचे नाव खवलोजी. मांजराशी त्याचा काही संबंध नव्हता. परंतु नावे ठेवणाऱ्यांनी त्याला विचारले नव्हते. त्याचे बीळ पाणवठ्याच्या अगदी काठावर होते. बिळात त्याची पत्नी सगुणा होती, सगुणेच्या शेपटीवर बसून फिरणारे त्यांचे पिल्लू होते आणि एक कॉम्प्युटर होता. जंगलात कॉम्प्युटर कुठून आला, असे विचारू नये. सिंह न्यायनिवाडा करतो तेव्हा तुम्ही काही विचारत नाही.

त्या कॉम्प्युटरवर खवलोजी रणगाड्याचा खेळ खेळत असे. खेळाची ती तिसरी आवृत्ती होती. कळ दाबली की रणगाडा धावे, दुसरी कळ दाबली की तोफ उडे. स्पीकर जुना आणि भसाडा होता. त्यातून निघालेला धडाका समोरच्या टेकडीवर आपटून परत येई.

आता त्या जंगलाची एक रीत सांगितली पाहिजे. दर उन्हाळ्यात टेकडीपलीकडून कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, पाण्यासाठी येत. त्यांना अडवायला पाणवठ्यावर राखणदार हवा होता. पण खऱ्या कोळसुंद्याशी खरोखर लढण्यात अंगाला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून प्राण्यांच्या सभेने विचारपूर्वक ठरवले की, रणगाड्याच्या खेळात ज्याचे गुण सर्वाधिक, तो राखणदार. काठावरचे बीळ त्याचे आणि पाण्याचा पहिला घोटही त्याच्याच घराचा.

खवलोजी सलग तीन उन्हाळे राखणदार होता. तिन्ही उन्हाळे कोळसुंदे टेकडीवर आले, तोफेचा धडाका ऐकून थबकले आणि आल्या पावली परत गेले. सभेने याचे श्रेय खवलोजीच्या युद्धकौशल्याला दिले. खवलोजीनेही त्यालाच दिले. स्पीकरचा उल्लेख कोणत्याही ठरावात आढळत नाही.

चौथ्या वर्षी फाल्गुनात एक कोतवाल पक्षी बिळाच्या तोंडाशी येऊन बसला. हा पक्षी इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. खेळाच्या नव्या आवृत्तीच्या प्रचाराचे काम त्याच्याकडे होते.

"खवलोजी, अजून तिसरीच?" तो म्हणाला.

"का? चांगली चालते."

"चालते हो. पण तोफेचा हा असला आवाज खऱ्या रणगाड्यात कुठे असतो? लहान मुलांचा खेळ वाटतो. चौथीत बघा, कवचाचा खिळा न् खिळा मोजून घेतलाय."

"किती आहेत?"

"ते तुम्ही मोजायचे. त्यालाच तर वास्तव म्हणतात."

खवलोजीला खिळ्यांशी कर्तव्य नव्हते. परंतु 'लहान मुलांचा खेळ' हे शब्द त्याच्या खवल्यांखाली शिरले. त्यातच सभेने ठराव केला की, यापुढे केवळ चौथ्या आवृत्तीतले गुण धरले जातील. जुने गुण नव्या आवृत्तीत येत नव्हते. तीन उन्हाळ्यांचा विजेता एका संध्याकाळी शून्यावर आला. उन्हाळा संपेपर्यंत राखणदारी त्याच्याकडेच राहणार होती. पण तोवर गुण मिळाले नाहीत, तर काठावरचे बीळ जाणार होते. त्याने चौथी आवृत्ती घेतली.

चौथी आवृत्ती खरोखरच वास्तव होती. तिच्यासोबत चारशे पानांचे पुस्तक आले. रणगाडा सुरू करण्यापूर्वी वंगण तापवावे लागे. पट्ट्याची प्रत्येक कडी ठोकून पाहावी लागे. इंधनासाठी अर्ज करावा लागे आणि अर्ज मंजूर करणारा अधिकारी रजेवर असे. खऱ्या रणगाड्यात कानटोप घालतात, म्हणून कानांना हेडफोन लावल्याशिवाय खेळ उघडतच नसे. स्पीकरची सोय काढून टाकलेली होती.

बीळ शांत झाले.

"अहो, चैत्र लागला," सगुणा म्हणाली. "सुरू झाला का तुमचा रणगाडा?"

"वंगण तापतंय."

"नऊ दिवस?"

"खऱ्या युद्धात असंच असतं."

"खऱ्या युद्धात बायकोकडे मागून चहाही घेतात का मधे मधे?"

खवलोजीने हेडफोन नीट बसवले. त्याला तिचे ऐकू आले नाही, अशी नोंद करायला हरकत नाही.

दोन दिवसांनी शेजारचा तुळाजी साळिंदर धापा टाकत आला. त्याने खवलोजीच्या एका कानावरचा हेडफोन उचलला आणि सांगितले, "टेकडीवर कोळसुंदे आलेत. अकरा आहेत. कान टवकारून बसलेत."

"नकाशावर दिसत नाहीत," खवलोजी म्हणाला.

"अरे, दाराबाहेर दिसतायत."

"तुळाजी, बाहेरचं जंगल चौथ्या आवृत्तीत अजून आलेलं नाही."

सगुणेने पिल्लाला शेपटीवर घेतले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "ते जुनं लावा ना. एकदाच. ते ऐकून जायचे ते."

खवलोजीने फळीकडे पाहिले. तिसऱ्या आवृत्तीची तबकडी तिथेच होती. हात पुढे केला असता तर पुरे होते. गेल्या उन्हाळ्यात पिल्लू काठावर निर्धास्त लोळत असे, हेही त्याला आठवले. पण मग कोतवाल आठवला.

"ते माझ्या कौशल्याला घाबरायचे, आवाजाला नव्हे," तो म्हणाला. "आणि हे कौशल्य आता आणखी वास्तव झालंय."

कोळसुंद्यांनी टेकडीवर दोन दिवस वाट पाहिली. काहीच वाजले नाही. तिसऱ्या दिवशी ते खाली उतरले आणि पाणवठ्यावर बसले. तुळाजी काटे फुलवून गेला आणि काटे मिटवून परत आला. अकरा विरुद्ध एक हे गुणोत्तर त्याला पसंत पडले नाही. बाकीचे प्राणी गेलेच नाहीत. राखणदार नेमलेला असताना इतरांनी जाणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

त्या दिवशी दुपारी कोळसुंद्यांचा नाईक स्वतः बिळापाशी आला. सगुणा पिल्लासह आतल्या अंगाला सरकली. खवलोजीचे अंग आपोआप गोल वळू लागले होते; पण नाईक अदबीने लांबच बसला.

"राम राम, खवलोजी. एक विचारायचं होतं. इथं आधी धडाडधूम वाजायचं. तीन उन्हाळे आमची पोरं तहानेनं परत गेली. काय होतं ते?"

"ती तिसरी आवृत्ती," खवलोजी नाक मुरडत म्हणाला. "निव्वळ बालिश. खऱ्या रणगाड्यात तसा आवाज नसतो."

"असं होय. आम्ही काय, अडाणी. आम्हाला तो खराच वाटला." नाईकाने ओठांवरून जीभ फिरवली. "आता पाणवठा आमच्याकडं आलाय आणि बिबट्या घिरट्या घालतोय. तुम्ही टाकूनच देणार असाल तर..."

"अहो," आतून सगुणेचा आवाज आला. "देऊ नका."

खवलोजीने नाईकाकडे पाहिले. इतक्या मागासलेल्या शत्रूची त्याला कीव आली. त्याने तबकडी दिली. स्पीकर दिला. तो कोळसुंद्यांच्या कॉम्प्युटरला (तोही कुठून आला, असे विचारू नये) कसा जोडायचा तेही दोनदा समजावून सांगितले.

"हेडफोन नाही ना लागत?" नाईकाने विचारले.

"तिसरीला? छे. तेवढं वास्तव नाही ते."

संध्याकाळी पाणवठ्यावरून तोफ उडाली. बिबट्या टेकडीवर थबकला आणि परत गेला. साऱ्या जंगलाने तो धडाका ऐकला. खवलोजीने ऐकला नाही, कारण त्याचा इंधनाचा अर्ज नुकताच मंजूर झाला होता.

उन्हाळा सरताना सभा भरली. पाणवठा गेला, याची तिने दखल घेतली. खवलोजीने खेळाच्या कोणत्याही नियमाचा भंग केला नाही, याचीही घेतली. चौथ्या आवृत्तीत रणगाडा चालू करू शकलेला तो एकमेव प्राणी होता, म्हणून राखणदारी त्याच्याकडे कायम राहिली. काठावरचे बीळ तेवढे कोळसुंद्यांच्या ताब्यात असल्याने त्याला माळावरचे एक कोरडे बीळ देण्यात आले.

त्या दिवसापासून सगुणा पिल्लाला शेपटीवर घेऊन दोन कोसांवरच्या झऱ्याला पाण्यासाठी जाऊ लागली.

तात्पर्य : मुलांनो, नवी आवृत्ती निघताच ती घ्यावी. जुनीचा काही उपयोग होत असल्याची शंका आली, तर ती विनाविलंब शत्रूच्या हाती द्यावी. म्हणजे आपल्या प्रगतीविरुद्धचा पुरावा आपल्या घरात उरत नाही.