उलट्या दाराची शर्त

"मी एष्टीनं जाणार," पोह्यांची बशी तात्यांपुढे ठेवत माई म्हणाल्या. "साडेअकराची गडहिंग्लज. तुम्ही या सावकाश तुमच्या गाडीतून."

तात्यांचा घास तोंडातच राहिला. एष्टीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण महिन्यापूर्वी रागाच्या भरात ते बोलून बसले होते, "तू ज्या दिवशी एष्टीनं जाशील, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी भंगारात!" तेही शेजारच्या जयसिंगासमोर. जयसिंगासमोर बोलणं म्हणजे चारचौघांत बोलणं. त्यानं लगेच मिशीवरून हात फिरवून "ठरलं मग!" म्हणून टाकलं होतं, आणि कोल्हापुरात ठरलं म्हणजे ठरलं.

भांडणाचं मूळ होतं गाडीचं पुढचं डावं दार. तात्यांची फियाट सदुसष्ट सालची. तिची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागऱ्या मागच्या अंगाला. डाव्या दाराच्या दोन्ही बिजागऱ्या दोन पावसाळ्यांपूर्वी गंजून जाम झाल्या. तेव्हापासून माई उजव्या दारातून शिरायच्या आणि स्टिअरिंगखालून सरकत सरकत आपल्या जागेवर पोचायच्या. साठी उलटलेल्या बाईनं ही कसरत किती दिवस करायची? महिन्यापूर्वी एका लग्नाच्या मांडवापुढे उतरताना त्यांचा पदर हॉर्नच्या कडीत अडकला. हॉर्न थांबेना. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले आणि सगळा मांडव माईंकडे बघत राहिला. "माझ्या बाजूचं दार उघडलं तरच या गाडीत बसेन," असं माईंनी त्याच दिवशी, जयसिंगासमोरच, जाहीर केलं होतं.

आज गडहिंग्लजला माईंच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या नातवाचं बारसं होतं.

"अकराच्या आत दार उघडून देतो," तात्या म्हणाले.

"महिनाभर काय केलंत?"

"रॉकेल पाजतोय की रोज. गंज सुटायला वेळ लागतो."

"रोज पिऊन ते दार तर्र झालंय नुसतं. हलतंय कुठं?"

तात्या निवृत्त चित्रकला शिक्षक. घाई त्यांच्या स्वभावातच नव्हती. मिस्त्रीनं सांगितलं होतं, रॉकेल मुरलं की जुनं इंजिन ऑईल सोडा, हलक्या हातानं ठोका आणि थोडं थोडं हलवत राहा. जुन्या तेलाचा कॅन जिन्याखाली असायचा. आज तो पाणी भरलेल्या ताटलीत उभा होता. तेलाच्या कॅनलाही ताटली! बायकोच्या टापटिपीचं तात्यांना मनापासून कौतुक वाटलं. त्यांनी बिजागऱ्या फडक्यानं पुसल्या, आठ नंबरचा ब्रश काढला आणि वरपासून खालपर्यंत काळसर, दाट तेल प्रेमानं फासलं. हाताला रॉकेलचा इतका वास होता की दुसरा कुठला वास येणं शक्यच नव्हतं.

हातोडीनं टकटक करून झालं. दार ढिम्म. दहा वाजले. तात्या घाम पुसायला पायरीवर टेकले, आणि तेवढ्यात चौकात गिऱ्हाइकांसमोर धार काढून, दूध घालून जयसिंग म्हशींसह परत आला. एकेकाळी त्यानं तालमीत माती अंगाला लावली होती. आता दोन म्हशी राखून होता. त्यातली एक म्हैस फियाटपाशी थबकली आणि तिनं बिजागरीवरून लांबलचक जीभ फिरवली. मग पुन्हा फिरवली.

"जयसिंग! तुझी म्हैस इंजिन ऑईल चाटतीय!"

जयसिंग ओरडतच धावला. "आवो तात्या, मारतासा काय माझी म्हस? धा लिटरची हाय ती! सोड गं! सोड!"

म्हैस सोडेना. जयसिंगानं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून मागं ओढलं, जबड्यात बोटं घालून तेल निपटून काढलं आणि बोटं नाकाशी नेली. मग हळूच जिभेला लावली. त्याचा चेहरा एकदम बदलला.

"तात्या, ही तर काकवी हाय की वो!"

माई हातातली वेणी तशीच धरून बाहेर आल्या. "कोडोलीची काकवी? आक्कासाठी कॅनमधून आणवलेली? ताटलीत ठेवलेली?"

"मला वाटलं, मुंग्या लागू नयेत म्हणून तू तेलाला..."

"तेलाला मुंग्या लागतात व्हय?"

याचं उत्तर मुंग्यांनीच दिलं. चाकाखालून त्यांची रांग दाराकडे निघालीच होती.

"आधी ते धुऊन काढा," माई म्हणाल्या. "मुंग्या घेऊन बारशाला जायचंय का?"

बंबात पाणी खळखळत होतंच. तात्यांनी कढत पाण्याच्या तीन बादल्या बिजागऱ्यांवर ओतल्या. काकवी विरघळली, मुंग्या वाहून गेल्या, आणि तिसऱ्या बादलीला आतून 'कट्' असा आवाज आला. तात्या थरारले.

"सुटली रे! गरम पाण्यानं सुटली!"

"सरका," जयसिंग म्हणाला.

"हळू रे. थोडं थोडं हलवत..."

जयसिंगानं आयुष्यात काहीच हळू केलेलं नव्हतं. त्यानं मूठ धरली, पाय रोवले आणि एकच हिसका दिला. दार किंचाळत उघडलं. जयसिंग रस्त्यावर बसला. तात्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. याच दारातून त्यांनी माईंना पहिल्या बाळंतपणाला माहेरी गडहिंग्लजला नेऊन उतरवलं होतं. त्यांनी खरं तेल शोधून आणलं, बिजागऱ्यांत सोडलं, दार पाच-सहा वेळा पुढं-मागं केलं. लोण्यासारखं हलत होतं.

फक्त मिटत नव्हतं. जयसिंगाच्या हिसक्यानं वरची बिजागरी वाकली होती आणि दार दोन बोटं खाली आलं होतं. कुलूप खाचेत बसेना. जयसिंगानं खांदा लावला, तसं ते तीन बोटं खाली आलं.

"पळत्या गाडीत उघडलं तर वाऱ्यानं उपटूनच जाईल," तात्या हताशपणे म्हणाले.

"मग बांधू की." जयसिंगानं म्हशीचं दावं सोडलं आणि दाराला व काचेजवळच्या पुढच्या खांबाला असे वेढे दिले की आता ते उघडायला कोयताच लागला असता. म्हैस आपली आपण घरी निघाली.

अकरा वाजून गेले होते. तात्यांनी हात पुसले. ते म्हणाले, "जा तू एष्टीनं. मिळेल अजून. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळाला काळं, शर्टाला काकवी, चष्म्यावर पाण्याचे थेंब. त्या जयसिंगाकडे वळल्या.

"काय रे, काय ठरलं होतं?"

"दार उघडलं तर माई बसनार."

"उघडलं का?"

"उघडलं की! मी पडलो न्हवं?"

"मिटायचंही ठरलं होतं?"

जयसिंगानं मिशीवर हात ठेवून विचार केला. "न्हाय बा. मिटायचं काय बोलनं झालं न्हवतं."

"मग झालं तर. अहो, शर्ट बदला लवकर."

माईंनी पदर कमरेला घट्ट खोचला, उजव्या दारातून शिरल्या आणि स्टिअरिंगखालून सरकत सरकत आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

गडहिंग्लजला आक्का दारात उभ्याच होत्या. माई उजव्या बाजूनं सरकत उतरल्या, हॉर्न एकदाच वाजला. आक्कांची नजर दाव्यावर गेली.

"अगं, हे दार असं का बांधलंय?"

तात्यांनी मान खाली घातली. माईंनी निऱ्या सारख्या केल्या.

"आजच दुरुस्त केलंय यांनी," त्या म्हणाल्या. "इतकं छान उघडायला लागलंय, की बांधूनच ठेवावं लागतं."