बनुबाईची पिशवी

शालनआक्का बाहेर पडताना दाराला कुलूप लावतात, आणि कुलपावर विश्वास नसल्यामुळं कडीला दोरा बांधतात. साधा शिवणाचा, वीतभर. कधी जांभळा, कधी राणी, कधी पोपटी. कुलपाची दुसरी किल्ली कुणी करून घेतली, तरी आज कुठला रंग आहे हे त्याला कसं कळणार? परत आल्या की आधी चष्मा लावून दोरा बघतात, मग गाठ बघतात, मग गाठीचा वास घेतात. वास कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"घराचा मालक तंबाखू खातोय," आक्का म्हणाल्या. "गाठ दातानं सोडली तर कळंल की."

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या या घरात आक्का वर भाड्यानं राहतात, मी खाली. आक्का झंपर शिवतात. नवरा वारला, मूलबाळ नाही. मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी काम करते. म्हणजे पत्रकं लिहिते, छापून आणते, चौकाचौकांत वाटते, आणि दुपारी त्याच पत्रकांत बांधलेली भजी खाते. संशय घेणं हा माझा पेशाच आहे. मालक लोकांचा, ठेकेदारांचा, फुकट वह्या वाटणाऱ्या पुढाऱ्यांचा संशय मी घेतलाच पाहिजे. पण आक्कांच्या शेजारी राहायला आले आणि कळलं की आपण अगदीच भोळ्या आहोत.

आक्कांचा एक शब्द आहे. "कशावरनं?" दूधवाला म्हणाला, म्हशीचं दूध आहे. कशावरनं? गॅसवाला म्हणाला, सिलिंडर भरलेलं आहे. कशावरनं? दूधवाल्याची वहीत सही घेतात, गॅसवाल्याला काट्याशिवाय जिना चढू देत नाहीत. मी पहिल्या दिवशी वर जाऊन सांगितलं की मी भाडेकरू समितीची कार्यकर्ती. कशावरनं? मी ओळखपत्र काढलं. ते उजेडाकडं धरून त्या म्हणाल्या, "हिचं केस लांब हायत." मी म्हटलं, कापले. का कापले, कुठं कापले, कुणी कापले, हे सगळं झाल्यावर चहा मिळाला. मी जिना उतरत असताना वरून चमचे मोजल्याचा आवाज येत होता.

त्यांच्या खोलीत एका भिंतीला खिळ्यांची रांग आहे. प्रत्येक खिळ्याला गिऱ्हाइकाची कापडी पिशवी आणि पिशवीला टाचणीनं लावलेली नावाची चिठ्ठी. झंपर तयार झाला की गिऱ्हाईक येतं, पिशवी उतरते, दुसरी चढते. एकच पिशवी मी कधी उतरलेली पाहिली नव्हती. 'बनुबाई, राधानगरी.' ही बाई झंपर न्यायला येत का नाही, म्हणून मी विचारलं.

"पाऊस लागलाय तिकडं," आक्का म्हणाल्या. "रस्ता बंद हाय."

तो मे महिना होता. आमच्या गल्लीतलं डांबर चपलांना चिकटत होतं. पुढं जानेवारीत परत विचारलं, तेव्हाही तिकडं पाऊसच होता.

आता माझ्या संशयाकडं येते. लग्नसराई लागली की आक्कांकडं पोरींची रीघ लागते. बऱ्याचशा माप देतात, आठवड्यानं झंपर घेऊन जातात, संपलं. पण काही पोरी लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा येतात. दार लागतं, खिडकी लागते. थोड्या वेळानं पोरगी ओढणीच्या आत काहीतरी पोटाशी धरून जिना उतरते. आठ-दहा दिवसांनी तीच पोरगी हातभर हिरव्या चुड्यात परत येते, पुन्हा दार लागतं, आणि या वेळी ती मोकळ्या हातानं जाते. या पोरी कोण? कुणाचा बाप हमाल, कुणाची आई धुणीभांडी करणारी. सगळ्या आमच्यासारख्या भाड्याच्या खोलीतल्या. एकदा जिन्यात माझ्या कानावर आलं, "फोटो निघाल्याबिगर काढायचा न्हाय. आणि कुणी इचारलं तर माझं नाव घ्यायचं न्हाय."

पत्रक लिहिणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ झालं. लग्नातल्या सोन्याच्या हौसेविरुद्ध मी स्वतः पत्रक काढलेलं, 'सोनं की साखळदंड?' नावाचं. आणि इथं माझ्या डोक्यावर, माझ्याच छतावर, गरिबाघरच्या पोरींना भाड्यानं दागिने देण्याचा धंदा चालू? तोही चोरून? मी त्याच दिवशी मसुदा लिहिला. मथळा, 'पेठेतल्या छुप्या धंद्याला जाहीर सवाल.' सवाल अकरा होते. पुरावा तेवढा नव्हता, म्हणून छापायला दिला नाही.

पुरावा आपल्या पायानं जिना उतरून आला. झालं असं, की मागच्या गल्लीत एका भाडेकरूच्या खोलीत चोरी झाली. पोरीच्या लग्नासाठी जमवलेलं सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी आमचे मालक आक्कांना जिन्यात धीर देत होते की बिनघोर राहा, माझ्या घराचा विमा आहे. आक्का तडक माझ्या दारात आल्या. राहायला आल्यापासून पहिल्यांदा.

"मालक म्हणतोय इमा हाय. कशावरनं?"

या वेळी मात्र माझ्याकडं उत्तर होतं, छापील होतं. मी त्यांना सांगितलं, की विमा असेल, पण तो मालकाच्या भिंतींचा आणि छपराचा. आतलं भांडं, कपाट, मशीन, दागिना आपला, त्याचा त्या विम्याशी काही संबंध नाही. उद्या आग लागली तर मालकाला नवी भिंत मिळेल आणि आपल्याला राख. भाडेकरूला आपल्या सामानाचा विमा वेगळा घेता येतो, आणि दागिना असेल तर त्याची किंमत ठरवून तो वेगळा लिहावा लागतो. हे सगळं माझ्या पत्रकात आहे म्हणून एक पत्रकही दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी परत आल्या. "साज हाय माझ्याकडं. त्याचा इमा करायचाय."

मी शाहूपुरीतल्या रियाज मुजावर नावाच्या विमा एजंटाला बोलावलं. मदत म्हणून बोलावलं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला तो दागिना बघायचा होता.

मुजावर शांत माणूस. मालकाला यातलं काही कळता कामा नये, ही आक्कांची पहिली अट. मुजावरांनी सांगितलं की भाडेकराराची प्रत पुरे, मालकाला विचारायची गरज नाही. साज घराबाहेर न्यायचा नाही, ही दुसरी अट. म्हणून गुजरीच्या सराफ बाजारातले एक म्हातारे पारखी काटा आणि भिंग घेऊन घरी आले. आक्कांनी खिडक्या लावल्या. पारख्यांना बाह्या वर करायला लावल्या. मग आम्हा तिघांना भिंतीकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं. आम्ही उभे राहिलो. पण एवढ्या सावध बाईच्या हातून एक चूक झाली. त्या भिंतीवर झंपर घालून बघायचा आरसा होता. आरशात मला दिसलं, आक्कांनी बनुबाईची पिशवी खिळ्यावरून काढली.

कोल्हापुरी साज. सगळी एकवीस पानं, मासा, कासव असे एकेक आकार घडवलेली. पारख्यांनी भिंग लावलं, एकेक पान उलटं केलं, काट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, ह्यो साज एका हातचा न्हाय. मासा एका सोनाराचा, कासव दुसऱ्याचं. सोन्याचा रंगबी येगळा."

मी कान टवकारले. चार घरचं सोनं गोळा केलेलं, मी मनातल्या मनात बारावा सवाल लिहिला. आक्कांनी मशीनच्या खणातून एक पत्र्याचा डबा काढला आणि पारख्यांच्या पुढं ठेवला. आत एकवीस पावत्या. वर्षाला एक पान, तसा साज झाला होता. मशीन घेतलं त्या वर्षी मासा, पुढच्या वर्षी कासव. मध्ये दोन वर्षं पान नाही, ती नवऱ्याच्या दवाखान्यात गेली. पारख्यांनी पावत्या जशा होत्या तशा डब्यात ठेवल्या आणि झाकणही स्वतःच लावलं.

मुजावर फॉर्म भरत होते. एका प्रश्नाशी आले. हा दागिना तुमच्याखेरीज दुसरं कुणी वापरतं का? त्यांनी न विचारताच 'नाही' लिहायला पेन टेकवलं, तर आक्कांनी बोट आडवं घातलं.

"व्हय लिवा."

"कोण वापरतं, मावशी?"

"पोरी."

मुजावरांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. साज घरातून गेला, दुसऱ्याच्या गळ्यात गेला आणि तिथून हरवला, तर कंपनी काही देणार नाही. आपण 'हो' लिहिलं तर बहुतेक विमाच मिळणार नाही. आणि खोटं मी लिहिणार नाही. तेव्हा आजपासून द्यायचं बंद करा. साज घरात राहील, विमाही होईल, निवांत झोप लागेल.

मला वाटलं, हीच वेळ.

"भाडं किती घेता?" मी विचारलं. "पोरींकडून?"

दोऱ्याची गाठ बघतात तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. वास तेवढा घेतला नाही.

"झंपराचा गळा कापायच्या आधी इचारावं लागतंय," त्या म्हणाल्या. "गळ्यात काय घालणार, म्हणून. साज असंल तर गळा खोल, नुसतं डोरलं असंल तर वर. तवा काही पोरी सांगत्यात. काही पोरी खाली बघत्यात. जी खाली बघती तिचा गळा मी साजाच्या मापानं कापतो." मग म्हणाल्या, "मापानं कापला म्हंजे द्यावा लागतोय की."

"आणि घेता काय?"

"फोटू. एक."

मशीनचा दुसरा खण त्यांनी ओढला. आत फोटोंचा गठ्ठा होता. वेगवेगळ्या नवऱ्या, वेगवेगळे मांडव, तोंडावर तीच घाबरलेली हळद, आणि प्रत्येकीच्या गळ्यात तोच साज. काही पोरी मला ओळखू आल्या. माझ्या पत्रकात त्यांच्यासाठी खूप काही लिहिलेलं होतं.

मी विचारलं, यांच्याकडून कागद, सही, साक्षीदार, काही? नाही. दूधवाल्याची सही घेणाऱ्या बाईनं तेवीस वर्षांची कमाई हमालाच्या पोरीच्या ओढणीत दिली होती, आणि वहीत एक ओळ नव्हती.

"परत येईल, कशावरनं?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

"येतोय," आक्का म्हणाल्या.

त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि मुजावरांच्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या तुमचा इमा. घरात ठिवायला केलेला न्हाय म्या." मुजावरांनी आणखी एकदा सांगून बघितलं, चोऱ्या वाढल्यात, वय झालंय, परत एवढं जमायचं नाही. ते खरं तेच सांगत होते. आक्काही "व्हय" म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

ते दोघं गेल्यावर मी तशीच बसून राहिले. जायचं कसं ते कळत नव्हतं. काहीतरी विचारायचं म्हणून बनुबाई कोण, ते विचारलं.

आक्का पिशवीची चिठ्ठी सरळ करत होत्या. "हाय एक राधानगरीकडची. तिच्या लग्नात साज मागून आणला हुता. जिचा हुता ती बाई मांडवात शेजारीच बसली, राखणीला. अक्षता पडल्या, आणि फोटूवाला यायच्या आधी तिनं काढून नेला. गळा तर साजासाठी म्हणून खोल कापलेला. मग काय, पदर धरून बसली फोटूला."

"आता कुठं असते ती?"

"सासरी नाव बदललं तिचं," आक्का म्हणाल्या. "शालन ठिवलं." आणि चमचे मोजायला लागल्या. तीन पाहुण्यांचे तीन, बरोबर होते.

मी खाली आले आणि अकरा सवाल फाडले. छापलेला शब्द मी आजवर मागं घेतलेला नाही. हा छापला नव्हता, हे माझं नशीब. हे सगळं लिहू का, म्हणून आक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "लिही की. कुणी वाचंल, कशावरनं?" तरीही चोरांसाठी सांगून ठेवते. नावं मी बदलली आहेत, आणि साज आता पिशवीत नाही. कुठं आहे ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

गेल्या आठवड्यात आक्कांना भाच्याच्या घरी दोन दिवस जायचं होतं. दारात आल्या. हातात पिशवी, पायात नवी चप्पल. आधी मागं बघितलं, मग जिन्याकडं बघितलं, मग माझ्या कानाशी वाकून एक रंग सांगितला.

"सांजच्याला एकदा वर जाऊन बघ," म्हणाल्या, आणि गेल्या.

मला काही सांगितलं की ते सकाळपर्यंत छापून चौकात लागतं, अशी माझी ख्याती आहे. तो रंग मी कुठंही छापणार नाही.