सोप्यातली दौड

आमच्या शेजारचे सुभेदार अप्पा रोज सकाळी सहाला, कुत्र्यांसाठी हातात काठी घेऊन पळायला निघतात आणि स्वतःच्या सोप्यातून बाहेर पडत नाहीत. काठी टीव्हीला टेकवून ठेवतात. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मांडीला पट्टा, हातात रबरी कडं. "येतो गं जाऊन," असं चुलीजवळच्या काकूंना सांगतात. काकूही "जपून जावा" म्हणतात, आणि अप्पा जागच्या जागी पळायला लागतात.

टीव्हीवरच्या खेळात रस्ता उलगडत जातो. हिरव्या टेकड्या, निळं तळं, आणि कायम नुकतंच उजाडलेलं. आमच्या विट्याकडच्या माळावर असलं हिरवं बघायचं तर डोळे मिटावे लागतात. अप्पांनी गुडघे उचलले की पडद्यावरचा निळ्या बनियनवाला पळतो, कडं दाबलं की उडी मारतो. त्या मुलखाला अप्पा नुसतं 'तिकडं' म्हणतात. पारावर बसून सांगतात, "तिकडं वढ्याला अजून पाणी हाय." ऐकणारे माना डोलावतात. तिकडं बाभळ कशी उगवत न्हाई, याचं मात्र अप्पांना कोडं पडलेलं असतं.

स्पष्ट सांगते, मला हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. गावातली मोकळी जागा गिळायची आणि माणसाला घरात टीव्हीसमोर पळवायचं, हा बाजाराचा डाव आहे, असं मी मैदान वाचवायच्या आमच्या पत्रकात ठळक टायपात छापलं होतं. कारणही तसंच होतं. ज्या मैदानावर आमची पोरं फौजेच्या भरतीसाठी पळतात, तिथं दुकानगाळे उठवायचं घाटत होतं. ग्रामसभेच्या दिवशी सकाळी सहाला त्याच मैदानावरून दौड काढायची, असं आम्ही ठरवलं. गावातनं फौजेत गेलेली निम्मी पोरं अप्पांनीच पळवून तयार केलेली. अप्पा आले तर गाव येणार, न आले तर मैदान गेलं.

मी विचारायला गेले. अप्पा म्हणाले, "सहाला न्हाई जमायचं. ड्यूटी हाय."

"कसली ड्यूटी, अप्पा? टीव्हीसमोरची?"

"ड्यूटी ती ड्यूटी. जागा बघून बदलत न्हाई."

या माणसाचं करायचं काय? खंडेनवमीला त्यांनी पाटावर विळा, खुरपं आणि वडिलांची तलवार मांडली, आणि त्या रांगेत ते रबरी कडं आणि पट्टाही. झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. कुंकू पट्ट्यातल्या यंत्राच्या खाचेत गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिकडचा रस्ता काही उघडेना. अख्ख्या आळीला हसायला झालं. अप्पा मात्र काडीला कापूस गुंडाळून दुपार उलटेपर्यंत खाच पुसत बसले होते. जेवायलाही उठले नाहीत. मी काकूंना म्हटलं, व्यसन म्हणतात ते हेच. काकूंनी अप्पांचं ताट झाकून ठेवलं.

दौडीच्या आदल्या दिवशी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन सहाच्या ठोक्याला त्यांच्या सोप्यात शिरले. म्हटलं, आज ऐकवूनच येते.

अप्पा पळत होते. पण कसे? एरवी विहिरीच्या पायऱ्या दमदार चढणारा हा माणूस, म्हशीमागं चालावं तसा रेंगाळत होता. निळ्या बनियनवाल्याच्या मागं, बऱ्याच अंतरावर, लाल बनियनवाला एक जाडसर गडी धापा टाकत येत होता.

"त्यो विलास," काकू हळूच म्हणाल्या.

विलास त्यांचा मुलगा. केरळात सोनं गाळायचं दुकान चालवतो. दिवसभर भट्टीपुढं बसायचं, वेळी-अवेळी जेवायचं. साखर वाढली, छातीत दुखलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, चाला, नाहीतर अवघड आहे. तो काही चालेना. हा खेळ खरं तर त्यानंच बापाच्या तब्येतीसाठी पाठवलेला. अप्पांनी उलट निरोप धाडला, तूबी एक घे, मी एकटा पळणार न्हाई. दोघांनी एका वेळी लावला की दोघं एकाच रस्त्यावर येतात. काकू म्हणाल्या, "फोनवर काय बोलत्यात? बरं हाय? बरं हाय. ठेव मग. हितं तरी संगट असत्यात. ह्यांनी लावला न्हाई, की त्योबी पळत न्हाई."

मी अप्पांजवळ गेले. गठ्ठा हातातच होता.

"अप्पा, तुम्ही मुद्दाम हळू पळताय."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "पलटणीचा वेग सगळ्यात मागच्याचा असतो, पोरी."

तेवढ्यात तळ्याच्या वळणावर लाल बनियनवाला थांबला. अप्पांचे पाय तिथंच थांबले. टीव्हीतलं पाणी चमकत होतं, टेकडीवरून एक ढग सावकाश उतरत होता.

"विश्राम," अप्पा पुटपुटले. "दम खा. मी हाय."

"आवं, त्याला ऐकू जात न्हाई," काकू म्हणाल्या.

"ठावं हाय."

मी उंबऱ्याशी बसले, पेन काढलं आणि पत्रकांवरची दौडीची सहाची वेळ खोडून साडेसात करायला घेतली. एकेक पत्रक, हातानं. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवत गेला. बाहेर ऊन अंगणात आलं होतं. तिकडं अजून उजाडतच होतं. बऱ्याच वेळानं लाल बनियनवाला हलला, आणि अप्पांनी गुडघा उचलला, हळूच, त्याला कळू न देता.